टिप्याची कंबर

हे आजवर मी कुणालाच बोललेलो न्हाई. पोराला न्हाई, भावाला न्हाई. देवापुढं हात जोडतो तवा बी ही एक गोष्ट बाजूला सारून जोडतो — जसं काय त्याला दिसतच न्हाई. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. लिहायचा सराव न्हाई, दोन ओळी झाल्या की बोटं आखडतात. तरी लिहून राह्यलो, कारण तोंडातून निघत न्हाई. दोनदा बोलायचं म्हणून सुनेला हाक मारली, आन दोन्ही बारीला म्हणलं, "चहा टाक." तिनं टाकला. पिलो.

आधीच सांगतो, मला राग आलाय. म्हातारा पस्तावून रडून राह्यला असं समजू नका. तसल्या म्हाताऱ्यांचा मला वीट हाये. रडत न्हाई मी. राग हाये नुसता — आन तो काढू कुणावर? ज्याच्यावर काढायचा तो माझ्याच धोतरात बसलाय.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून न्हाई, पायाकडून आलेला. आमच्या घनसावंगीकडं हे कुणाला सांगावं लागत न्हाई, पण तुम्ही कुठले कोण जाणे, म्हणून सांगतो. पायाळू माणसानं पाय लावला की कंबरेत भरलेली उसण निघती, असं लोक मानतात. दुखणारा पालथा पडतो, पायाळूनं डावी टाच त्याच्या कंबरेला नुसती टेकवायची. तीन डाव. दाबायचं न्हाई. पैसा घ्यायचा न्हाई. कापूस वेचून वाकलेल्या बाया यायच्या, पोती उचलणारे यायचे. एकदा तर शाळेचे हेडमास्तर माझ्या ओट्यावर शर्ट वर करून पालथे पडले. हेडमास्तर! ज्या शाळेत मला चौथीतून पुढं जाता आलं न्हाई, त्या शाळेचा मोठा साहेब — माझ्या टाचंखाली. मला तवा काय वाटलं, ते सांगायची गरज हाये का?

जमीन गावात सगळ्यांकडं हाये. शिकलेली पोरं बी हायेत. माझ्याकडं हा पाय व्हता. ह्या पायावर मी गावात छाती काढून फिरलो.

आता टिप्याचं सांगतो. टिप्या म्हणजे कुत्रं. माझं न्हवतं, सुमनचं — माझ्या सुनेचं. माहेराहून येताना पिशवीत घालून आणलं व्हतं तिनं, डोळे नुकते उघडलेलं. अंगावर टिपके, म्हणून टिप्या. माझा पोरगा जालन्याला लोखंडाच्या कंपनीत, घरी येणार महिन्यातून एखाद्या डाव. नात पूजा शाळेत. घरात सुमन आन मी, आन आमच्या दोघांमधून फिरणारा हा टिप्या. मी कधी लाड केला न्हाई त्याचा. — न्हाई, लिहायचंच तर खरं लिहितो. केला. कुणी नसताना केला. भाकरीचा पापुद्रा काढून बाजेखाली सोडायचो, आन तो तिथं बसून खायचा. रात्रंदिवस माझ्या बाजेखालीच त्याचा मुक्काम.

कापसाचे दिवस व्हते. सकाळी अंगणापुढं ट्रॉली लावून कापूस भरला. टिप्याला कापसावर चढून झोपायची खोड. ट्रॅक्टरनं हिसका दिला आन तो वरून घसरला, ट्रॉलीच्या लोखंडी फाळक्यावर पाठ आपटून खाली पडला. सुमन पळत गेली. लेकरू उचलावं तसं दोन्ही हातांवर उचलून आणलं आन अंगणात गोणपाटावर निजवलं. कण्हत व्हता तो. पण मागचे पाय हालत व्हते. एक पाय तर त्यानं पोटाशी वढून घेतला. सुमन तिकडं फोन हुडकून राह्यली व्हती, तिनं बघितलं न्हाई. मी बघितलं.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना तिनं फोन लावला. फोनचा आवाज मोठा व्हता, मला बी ऐकू येत व्हतं. सुमन म्हणली, "सर, मी हातावर उचलून आणलं त्याला." डॉक्टर म्हणले, "ताई, उचलायचं नसतं असं. फळीवर आणायचं. बरं, आता बिलकुल हलवू नका, मी निघालोच."

तिचं तोंड उतरलं. आन मला काय झालं म्हणाल? मला राग आला. माझ्या अंगणात, मी ओट्यावर बसलेलो, कंबरेचं दुखणं समोर पडलेलं — आन विचारणा कुणाला? फोनमधल्या पोराला!

तेवढ्यात कुंपणापलीकडून भाऊराव. माझ्या बरुबरीचा, लहानपणापासून एकमेकांची खोड काढत म्हातारे झालोत आम्ही. त्यानं बघितलं आन म्हणला, "काय गा पायाळू! गावाच्या कंबरा नीट करतोस आन घरच्या कुत्र्याला डाक्टर बोलवून राह्यलास? सुनेचा भरवसा न्हाई वाटतं तुझ्या खुरावर!" हसला आन वावराकडं गेला. चेष्टाच ती. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आल्यावर मी त्याच्या टकलावर बोललो आसतो, हिशोब बराबर.

सुमन डॉक्टरांना वाट दाखवायला फाट्याकडं निघाली. जाताना म्हणली, "मामा, त्याला कुणाला हलवू देऊ नका बरं. तुमी बी काही करू नका."

तुमी बी काही करू नका. — मला?

चप्पल काढली. डावा पाय टिप्याच्या कंबरेला टेकवला. एक डाव. त्यानं मान वळवून माझ्या घोट्याला जीभ लावली. इथंच थांबलो आसतो तर तुम्ही म्हणला आसता, म्हातारा अडाणी, पण मन साफ. चांगलं करायला गेला. मी बी इतकी वर्सं मनाला हेच खाऊ घालत आलो — चांगलं करायला गेलो, चांगलं करायला गेलो. खोटं! चांगलं कुणाला करायचं व्हतं? डॉक्टर फटफटीवरून उतरंल तवा कुत्रं त्याच्यापुढं उभं राहून भुंकलं पायजे, आन सुमननं ते बघितलं पायजे, एवढंच मला करायचं व्हतं.

दुसरा डाव. तो सरकला. पायाखालून निघू बघत व्हता. मी म्हणलं, पड गुमान. तो गुरगुरला. टिप्या — माझ्यावर. हेडमास्तर ज्या पायाखाली गुमान पडला त्या पायाला हे कुत्रं दात दाखवून राह्यलं? डोक्यात एकदमच चढलं सगळं, भाऊरावचं हसणं, फोनमधला आवाज, "तुमी बी काही करू नका." तिसऱ्या डावाला मी टाच टेकवली न्हाई. दिली. सगळं वजन दिलं. उसण काढायला न्हाई — गुरगुरला म्हणून.

पऱ्हाटीची काडी पायाखाली मोडती तसा आवाज आला. तो ओरडला बी न्हाई. तोंड उघडलं, पण आवाज निघाला न्हाई. आन मागचं सगळं धड ओल्या गोणपाटावाणी ढिलं पडलं.

मी चप्पल घातली. हे मला लई आठवतं — आधी चप्पल घातली. मंग ओट्यावर जाऊन बसलो.

डॉक्टर आले. मागं गल्लीतली चार माणसं, बाया बी जमल्या. त्यांनी टिप्याच्या मागच्या पंजाला चिमटा घेतला, शेपूट वढून बघितली. काही न्हाई. त्यांनी सुमनला विचारलं, "पडल्यावर पाय हालत होते का? आठवून सांगा." सुमन म्हणली, "मला ध्यान न्हाई हो सर." मंग ते माझ्याकडं वळले. "बाबा, तुम्ही इथंच होता. पाय हालत होते का?"

सगळे माझ्याकडं बघून राह्यले व्हते. आन मी — गावाच्या कंबरा नीट करणारा — म्हणलो, "न्हाई. हिनं उचलला तवाच तो मधातून लोंबला. तवाच गेलते पाय."

एवढंच. एका दमात. अडखळलो सुदीक न्हाई. आवाज चढवून अजून म्हणलो, "बाईमाणसाला सांगून कळतं का? उचलला धोंड्यावाणी!"

सुमननं आपल्या हातांकडं बघितलं. तिनं वाद घातला न्हाई. उचलायचं नसतं असं म्हणून डॉक्टर तिला फोनवर बोललेच व्हते की. माझं खोटं बसवायला जागा आधीच तयार व्हती, मी फक्त नेऊन ठेवलं.

पोरानं रात्री फोनवर तिला म्हणलं, "तू उचलायलाच नको व्हतं." ती म्हणली, "व्हय." मी शेजारी जेवत व्हतो. जेवलो.

पुढं टिप्या जगला. पाऊस येऊन गेला, पुन्हा कापूस आला, तवर जगला. डॉक्टरांनी शिकवलं तसं सुमन रोज त्याचं पोट दाबून लघवी काढायची. कूस बदलायची. घासून जखमा होऊ नयेत म्हणून तिनं जुन्या गोधडीची चड्डी शिवली त्याला. गल्लीतल्या बाया हसायच्या. एक म्हणली, "सुमन, माझी पाटी नको गं उचलू, मधातून मोडशील!" सगळ्या हसल्या, सुमन बी हसली. मी ओट्यावर बसून ऐकलं.

आन टिप्या? पुढच्या दोन पायांवर फरपटत तो माझ्याच बाजेखाली यायचा. का यायचा? त्याला कळलं न्हवतं का कुणाचा पाय तो? का कळून बी यायचा? मला ते बघवंना. दया आली म्हणून न्हाई — चीड आली. माफ केल्यावाणी येऊन पडायचं माझ्या बुडाखाली! तुला कुणी सांगितलं? मी बाज उचलून गोठ्यात नेली. लोकांना म्हणलं, वास येतो कुत्र्याचा. तो गोठ्याकडं फरपटत यायला लागला तवा मी दाराला आडवी फळी लावली. हे बी लिहितो. अर्धं कशाला ठेवू?

मेला तवा सुमन त्याच्याजवळ बसल्ती. मी वावरात गेल्तो. काम काही न्हवतं वावरात.

आन पायाचं विचाराल, तर पाय लावायचा मी थांबवला न्हाई. थांबलो आसतो तर लोकांनी का म्हणून विचारलं आसतं. आजबी कुणी आलं की टाच टेकवतो, आन टेकवताना मला तो काडी मोडल्याचा आवाज येतो. समोरचा उठून म्हणतो, "आबा, मोकळं झालं बघा!" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटती.

तर एवढ्या वर्सांनी आजच का?

नात पूजा. लग्न होऊन अंबडला दिली, पहिल्या बाळंतपणाला पुढच्या आठवड्यात माहेरी येणार हाये. परवा सुमन शेंगा निवडत बसल्ती. बोलता बोलता म्हणली, "मामा, बाळाला न्हाऊ घालायला मी शेवंताबाईला सांगून ठेवलंय." मी म्हणलं, "का गं? तू आजी हायेस की." ती म्हणली, "नको. माझा हात चांगला न्हाई. बाळाची पाठ कवळी राहती." आन शेंगा निवडत राह्यली. रडली न्हाई, काही न्हाई. पाणी भरायचं हाये, दळण आणायचं हाये, तसं म्हणली.

तवा मला आठवलं. मागं तिच्या भावाला पोरगं झालं, तिच्या मांडीवर द्यायला लागले तर म्हणली, "झोपलंय, असू द्या." जावेच्या पोरीला घेतलं न्हाई. कुणाचंच लेकरू तिनं हातावर घेतलेलं मी त्यानंतर बघितलं न्हाई. मला हे दिसत न्हवतं? दिसत व्हतं. बायका अशाच, म्हणून मी सोडून दिलं. एका कुत्र्याची कंबर मोडली मी, असं समजून बसल्तो. ह्या बाईचे दोन्ही हात मोडून ठेवलेत मी, आन रोज त्याच हातची गरम भाकरी खाऊन राह्यलो!

मी परवाच, तिथल्या तिथं खरं म्हणायला पायजे व्हतं. काय म्हणलो? "बरं," म्हणलो. थू!

तिच्यावर टाकलं ते चार माणसांपुढं टाकलं. आता एकटीला कोपऱ्यात घेऊन पुटपुटलो तर ती दुसरी चोरी. म्हणून ठरवलंय. उद्या सकाळी भाऊरावला बोलवणार, शेवंताबाईला बोलवणार, त्या पाटीवाल्या बाईला बी बोलवणार. अंगणात उभा राहून सांगणार — सुमननं उचलून आणलं तवा टिप्याचे पाय हालत व्हते, नंतर मी पाय दिला, आन खोटं बोललो. एवढं बोलल्याबिगर हा कागद मी कुणाच्या हाती देणार न्हाई. तवा तुम्ही हे वाचून राह्यला आसाल, तर मी बोललेलो हाये.

भाऊराव हसंल, हसू दे. ओट्यावर पालथं पडायला कुणी येणार न्हाई, न येऊ दे. पोरगा जालन्याहून येऊन काय बोलायचं ते बोलंल. सुमन त्या दिवशी मला ताट वाढंल का न्हाई, मला माहीत न्हाई. वाढलं न्हाई तर मी मागणार न्हाई.