उतारावरचे खड्डे

महाडच्या वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरणाऱ्या गोऱ्या माणसांची चित्रे होती. आम्हा तिघा मित्रांना त्यांचे फारसे कौतुक वाटले नाही. बर्फ नसताना घसरून दाखवा, असे आमचे म्हणणे होते. पाऊस सरला की आमच्या कापडे गावाच्या वरच्या डोंगरावर गवत पिवळे पडते आणि इतके निसरडे होते की पाय ठरत नाही. त्यावर पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद गुळगुळीत देठ, ठेवायची, तिच्या बुडाला खोबरेल चोळायचे, वर बसायचे आणि टाचांनी दिशा देत सुटायचे.

आमच्यातला एक मुंबईला गिरणीत होता. त्याला रजा काय ती दिवाळीची. वर्षभर कापड विणायच्या साच्यापुढे उभा राहतो तो या उतारासाठी, असे तो म्हणे, आणि ते खरे होते. उतार त्याच्या वडिलांच्याच मालकीचा.

त्या वर्षी विरी डोक्यावर घेऊन चढताना तो गुडघ्यापर्यंत खड्ड्यात गेला. पावसाळ्यात तिथे वृक्षारोपण झाले होते. मांडव गळत होता आणि खाली पाहुणे पाण्याच्या टंचाईवर बोलत होते. त्यांनी एक रोप लावले, फोटो काढून घेतला आणि गेले. ते रोप शेळीने खाल्ले. बाकीच्या उतारभर गावाने श्रमदानाने खड्डे खणून ठेवले होते. रोपे मागाहून येणार होती; ती आली नाहीत. आता गवताखाली नुसते खड्डे होते, आणि त्यांवरून घसरणे म्हणजे पाय मोडून घेणे.

म्हणून आम्ही ते बुजवायला घेतले. बरेचसे बुजले, तेव्हा जीपमधून एक साहेब आले. सरकारी झाडांची नासधूस केली म्हणून त्यांनी आमची कानउघाडणी केली.

"झाडं कुठं हायत, साहेब?" मित्राने विचारले.

"खड्डे आहेत ना? तसं वर कळवलंय. झाडं येतील."

मी चार तर्कशुद्ध वाक्ये ऐकवली. "शिकलेले दिसता," साहेब म्हणाले आणि खड्ड्यांची वरची ओळ पुन्हा खणायला माझ्याकडे दिली. खड्डे पुन्हा खणले नाहीत तर मालकाला पोलादपूरच्या कचेरीत यावे लागेल, असेही सांगून गेले. मालक तिथेच हात जोडून उभे होते.

"खण रे बाबा," ते मुलाला म्हणाले. "माझ्यान नाय आता पोलादपूरचे हेलपाटे व्हायचे."

त्याची उरलेली रजा खणण्यात गेली. एकदाही घसरायला मिळाले नाही. एस.टी.त चढताना त्याच्या तळहातांना फोड होते.

"गिरणीत विचारतील दिवाळी कशी झाली," तो म्हणाला. "काय सांगू रे?"

पुढच्या दिवाळीला त्याने रजाच मागितली नाही. त्याचे वडील मला कारण विचारत, तेव्हा मी गिरणीवर ढकलत असे. या एका बाबतीत गिरणी बिचारी निर्दोष होती.