वाघरीची गाठ

सिदू मेटकरी मूळचा सांगोल्याकडचा. मेंढरामागं वाढलेला गडी सोलापुरात येऊन मोटार कसा हाकायला लागला, ते एक त्यालाच ठाऊक. पण सिद्धप्पा डॉक्टरांनी ती छोटी मोटार घेतली, त्या सालापासून तिच्या चाकावर हात होता तो सिदूचाच.

मोटार तरी केवढी! रस्त्यानं निघाली की लोक म्हणायचे, "सिदू, हिला आईपासनं इतक्या लवकर तोडली व्हय रं? अजून दूध पीत आसंल की!" सिदू हसायचा. मेंढक्याला पिलाची लाज कसली?

मोटारीत एकच खोड. मागं डिकीत जादा चाक असायचं, स्टेपनी म्हणतात ते. त्याला धरून ठेवणारा बोल्ट अक्कलकोटच्या रस्त्यावर हादरे खाऊन खाऊन घासून गेला. मग मोटार खड्ड्यात गेली की मागं चाक आपटायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, "अरे, माझ्या पाठीमागं लोहाराची भट्टी लावलीस का?" बोल्ट यायचा मुंबईहून, त्याला महिना लागणार. सिदू म्हणाला, "मुंबईचं कशाला पायजे साहेब? माझ्या बापाचं हाय की."

त्यानं गावाकडून शेरडाच्या केसाचा दोर आणला. तो खरबरीत असतो, धरला की सुटत नाही. चाकाच्या मधून घालून डिकीतल्या दोन कड्यांना त्यानं तो ताणला आणि वर वाघरीची गाठ मारली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिची गाठ अशी, की आतून शंभर मेंढरं रेटली तरी घट्ट होते, आणि चोरानं हात घातला तर त्याची नखं निघतील पण गाठ निघत नाही. ज्याच्या त्याच्या घराची गाठ वेगळी. मेटकऱ्यांची मेटकऱ्यांनाच यायची.

चाक गप झालं. डॉक्टरांनी दोन बोटांनी गाठ ओढून बघितली, नखानं उचकून बघितली. हार खाल्ली.

"कुणाकुणाला येते रे ही?"

"दोगांला साहेब," सिदू छाती फुगवून म्हणाला. "एक माझा बाप, त्यो मेला. दुसरा म्या."

त्यानंतर बोल्ट आला तरी डॉक्टरांनी तो बसवला नाही. आल्यागेल्याला डिकी उघडून गाठ दाखवायचे. सिदू तर वर्षभर त्या गाठीवरच जगला. मोटारअड्ड्यावर चहा पिताना म्हणायचा, "इंग्रजाला मोटार करता आली, गाठ काय करता आली न्हाय."

बजाबाई त्याची धाकटी बहीण. तिचा नवरा धोंडीराम गिरणीतून निघाला तेव्हा सिदूनंच दोघांची सोय लावली. धोंडीरामला स्टँडाजवळच्या पंक्चरवाल्याकडं चिकटवलं आणि बजाबाईला डॉक्टरांच्या घरी भांड्याला. डॉक्टरांना सांगितलं, "माझी भैन हाय. सोनं ठेवा तिच्या म्होरं."

भाद्रपदात एका सकाळी वळसंगकडचं बोलावणं आलं. म्हातारा दम्यानं घाबरा झाला होता. डॉक्टर बसले, सिदूनं मोटार पळवली. सात-आठ मैल गेले आणि पुढचं चाक बसलं.

"बसा साहेब, ही आलीच स्टेपनी," म्हणत सिदू मागं गेला. डिकी उघडली. गाठ होती तशी होती. सवयीनं त्याची बोटं दोराच्या शेपटाकडं गेली. गाठ मारून झाली की बोटभर शेपूट तो बाहेर ठेवायचा. शेपूट हाताला लागलं नाही. आत खोचलेलं होतं. उपसून काढलं, गाठ सोडली, जॅक लावून चाक चढवलं. घाईत त्यानं टायरकडं बघितलंच नाही. बघायचं काय? श्रावणात नवंकोरं टायर घातलेलं चाक होतं ते.

अर्ध्या मैलावर ते चाक बंदुकीसारखं फुटलं. आता मात्र सिदूनं बघितलं. चाक तेच होतं, पण त्यावरचं टायर नवं नव्हतं. टकल्यासारखं गुळगुळीत, आतून ठिगळ मारलेलं, कुणीतरी टाकून दिलेलं टायर होतं.

डॉक्टर बैलगाडीनं पुढं गेले. पोचले तोवर त्या घरात रडारड सुरू झाली होती.

परत आल्यावर डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सिदू, दोर तुटला होता?"

"न्हाय जी."

"गाठ?"

"गाठ... जाग्यावर हुती."

"ती सोडून परत मारता येते कुणाला? तूच सांगितलंयस. तुझा बाप तर मेलाय."

वर्षभर ज्या गाठीची फुशारकी मारली, तीच गळ्याला बसली. 'दुसऱ्या कुणालाच येत न्हाय' हे त्याच्या ओठावर आलंच होतं, तेवढ्यात त्याच्या बोटांना सकाळचं ते खोचलेलं शेपूट आठवलं.

लहानपणी वाघर लावताना बाप एका अंगाला सिदूला उभं करायचा, दुसऱ्या अंगाला बजाला. बजा गाठ झाली की शेपूट आत खोचायची. बाप म्हणायचा, "पोरीचं काम निटनेटकं." सिदूनं आजवर मोजताना बाप धरला, स्वतःला धरलं. बजाला कधी धरलंच नव्हतं.

तो मागच्या दारी गेला. बजाबाई राखेनं पातेलं घासत होती.

"बजे, गाठ कुणी सोडली?"

पातेलं थांबलं नाही. "कंची गाठ?"

"शेपूट आत खोचल्यालं हुतं."

आता पातेलं थांबलं. तिनं वर न बघताच सांगितलं, "त्येंनी दुकानात नेऊन टायर बदललं. म्या निस्ती सोडली आन् मारली. स्टेपनी कुटं रोज लागती, म्हनले."

"म्हातारा मेला की गं तिकडं!"

"त्यो दम्यानं मेला. टायरानं न्हाय."

"चल, सायबाला सांग."

"आन् मग? आमी दोगं कुटं जावं? तू एकला हाईस दादा. तुला मेंढरं हाईत गावाकडं. आमाला काय हाय?"

सिदूनं तिच्या मनगटाला धरून तिला डॉक्टरांपुढं उभी केली. "साहेब, मी मोजायला चुकलो. हिला बी येती. हिच्या हातात दोर द्या."

डॉक्टरांनी दोर दिला. बजाबाईनं पदर सावरला, दोर असा धरला जसा साप धरावा, आणि दोन वेढे देऊन साधी बायकी निरगाठ मारली.

"आमी चुलीफुडची मानसं," ती म्हणाली. "दादाला वाचायचं आसंल म्हनून माझं नाव घेतोय. घिऊ द्या."

डॉक्टर सिदूकडं वळले. "चोरी एकवेळ पोटात घातली असती रे. पण बहिणीवर?"

सिदूनं किल्ली टेबलावर ठेवली. दोर तेवढा मागून घेतला. त्या दिवशी दुपारीच तो मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागला. वाटेत मोटारअड्ड्यावर कुणी चहाला हाक मारली नाही. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

गावाकडं त्यानं परत मेंढरं धरली.

दिवाळीला बजाबाई माहेरी आली. मेंढरांच्या वाड्यावर आली तेव्हा सिदू चिलीम ओढत बसला होता. त्यानं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एक कोकरू वाघरीबाहेर राहून आईसाठी ओरडत होतं. बजाबाईनं ते उचललं आणि वाघर उघडायला एका हातानं गाठ चाचपली. बोटं जुन्या जागी गेली. ओढलं, उचकलं, नख तुटलं. गाठ हलली नाही.

"बदललीस व्हय रं दादा?"

"व्हय."

"आपल्या बापाची गाठ हुती ती."

"हुती. ती तुला बी येती."

बजाबाई कोकरू घेऊन तशीच उभी राहिली. सिदू उठला, तिच्याकडं पाठ केली, आणि ती बघणार नाही अशा बेतानं वाघर उघडून हात मागं केला. कोकरू तेवढं आत घेतलं.