पाच खांब पुढे

प्रेमदास थूलचे हात लांब. लाईनमनच्या नोकरीत या हातांचं सगळ्यांना कौतुक होतं. खांबावर दुसरा माणूस जिथं आणखी एक पाऊल वर चढेल, तिथं प्रेमदास नुसता हात लांबवायचा. सायकलवर तर तो हँडलवर असा पसरायचा की वाऱ्याला धडकायला काही उरतच नसे. नाचणगावातली पोरं म्हणायची, काका सायकलवर बसत नाहीत, सायकल अंगात घालतात.

पण याच हातांनी त्याचं नुकसानही केलं होतं, तेही तो धड चार वर्षांचा नसताना.

त्या पावसाळ्यात त्याची आई सीताबाई निंदायला जायची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मोठी बहीण त्याला शाळेत घेऊन गेली. गुरुजींना पहिलीचा पट भरायचा होता. जन्मतारीख कुणाच्याच घरात लिहिलेली नसायची, तेव्हा गुरुजींचं माप ठरलेलं होतं. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. रांगेतली पोरं करतात म्हणून बहिणीमागं उभ्या असलेल्या प्रेमदासनंही तसंच केलं आणि त्याची बोटं आरामात कानाला लागली. गुरुजींनी लिहून टाकलं, जन्म एक जुलै एकोणीसशे पासष्ट.

खरा जन्म केव्हाचा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. विहारासमोर पिंपळ आहे. त्याच्या ओट्यात एक दगड बसवलाय आणि रोप लावल्याची तारीख त्यावर कोरलीय, चौदा ऑक्टोबर एकोणीसशे सदुसष्ट. सीताबाई अजूनही त्या ओट्यावर टेकली की सांगते, "हे रोपटं लावलं तवा तू माह्या मांडीवर होता. महिन्याचा. सारा कार्यक्रम रडून काढला तू."

म्हणजे सव्वादोन वर्षांचा फरक. शाळेत असेपर्यंत त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते निवृत्तीला. कागदावर अठ्ठावन्न भरली आणि साहेबांनी शाल-श्रीफळ हातात ठेवून सांगितलं, आता आराम करा. घरी आल्यावर अन्नपूर्णानं शाल घडी करून पेटीत टाकली.

"खांबावर माकडासारखे चढता अजून, अन् म्हणे आराम करा," ती म्हणाली. "त्या मास्तरानं आपली दोन वर्षं खाल्ली."

आराम त्याला जमला नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं, मयुरीनं, गिअरची सायकल घेऊन दिली आणि प्रेमदास रोज पहाटे देवळी रस्त्याला लागला. देवळीत सायकलवाल्यांचं एक मंडळ होतं. रत्नदीप नावाचा इंजिनिअर झालेला पोरगा त्याचा सचिव होता. दर जानेवारीत मंडळ शर्यत भरवायचं, देवळी ते नाचणगाव आणि परत. वयाचे गट आधार कार्डावरून पडायचे. मागच्या वर्षी पन्नास ते साठच्या गटात प्रेमदास सातवा आला होता. या वर्षी कागदावर साठ भरली आणि तो वरच्या गटात गेला.

त्या गटात आजवर आंजीच्या महादेवराव ढग्यांचं राज्य होतं. सदुसष्ट वर्षांचा शेतकरी, पिळदार, तोंडानं फटकळ. सलग चार वर्षं तेच पहिले. या वर्षी पहिला येईल त्याला राज्याच्या शर्यतीला कोल्हापूरला पाठवणार होते, जिल्ह्याचं नाव लिहिलेली जर्सी घालून. या गटात जिल्ह्याला जागा एकच होती आणि ती मंडळाला याच वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. महादेवरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलेलं. त्यांच्यासाठी हेच वर्ष होतं.

आणि याच वर्षी नाचणगावहून परतताना, चढावर, प्रेमदासनं खिशातून एक तपकिरी बाटली काढली, दोन घोट घेतले आणि महादेवरावांना मागं टाकून निघून गेला, तो थेट पहिलाच आला.

शर्यत संपली तेव्हा महादेवराव सायकलवरून उतरले ते थेट रत्नदीपपुढं.

"मी कोणाले जळत नाई," ते म्हणाले, "पण मागच्या साली सातवा येनारा मानूस असा पयतो कसा? ते पाहा त्याच्या खिशात. औषधाची बाटली हाये. पोलीस भरतीवाले पोट्टे इंजेक्शन घेते, ते काय आपल्याले मालूम नाई?"

गर्दी गोळा झाली. रत्नदीपचा चेहरा पडला. बाहेरच्या देशातल्या मोठमोठ्या सायकलपटूंच्या भानगडी त्यानं वाचल्या होत्या, पण देवळीच्या चौकात हे आपल्याला निस्तरावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"काका, बाटली दाखवता का?" तो हळूच म्हणाला.

प्रेमदासनं बाटली पुढं केली. खोकल्याच्या औषधाचीच होती, लेबल अर्धं फाटलेलं. रत्नदीपनं झाकण काढून वास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि आता ही कुठं तपासायला पाठवावी या विचारात पडला. तेवढ्यात महादेवरावांनी ती हिसकावली आणि उरलेलं सगळं एका दमात पिऊन टाकलं.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आलं हाये," महादेवराव म्हणाले. परत जीभ फिरवली. "गूळ. मिरे बी हायेत. बाटली कायले असली, बावा?"

"पान्याची बाटली गयते," प्रेमदास म्हणाला. "घरची म्हने, हे खिशात बरी बसते."

लोक हसले, महादेवरावही हसले. पण लगेच गंभीर झाले. टेबलावरचा हार त्यांनी स्वतः उचलला आणि प्रेमदासच्या गळ्यात घातला. "म्या उगाच शक घेतला. गडी सच्चा हाये. माफ कर मले." रत्नदीपनं माईक घेऊन स्वच्छ खेळ, प्रामाणिक खेळाडू यावर चांगलं लांब भाषण केलं. त्यात प्रेमदासचं नाव पुन्हा पुन्हा आलं आणि दर वेळी झेंडूचा हार त्याच्या मानेला जास्तच टोचला. आरोप भलताच झाला होता आणि त्यातून तो सुटलाही होता. जो व्हायला हवा होता, तो वयाचा आरोप करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं हार खुंटीला अडकवला आणि अन्नपूर्णाला सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली. "तुमी कागद बनवला का? नोकरीतून काढलं तवा कोनी इचारलं, खरं वय काय म्हनून? तवा दोन वर्षं घेतली, आता एक हार देल्ला. घ्या."

"ते बी खरंच हाये."

"मंग तोंड काऊन उतरवून बसले?"

"महादेवभाऊनं पेली ना वं बाटली. इखाची असती तं? लोकायसमोर पेला तो."

अन्नपूर्णानं हार खुंटीवरून काढून दारामागं टांगला, समोर दिसणार नाही असा.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास रत्नदीपकडे गेला. "जय भीम काका," म्हणत रत्नदीपनं खुर्ची दिली. प्रेमदासनं कानाची गोष्ट सांगितली, पिंपळाचा दगड सांगितला आणि म्हणाला, "मले पन्नासच्या गटात टाक. सातवा तं सातवा."

रत्नदीपनं डोकं खाजवलं. "काका, आधारवर तुमी साठचे. शाळेच्या दाखल्यावर साठचे. पेन्शनीत साठचे. मी एकटाच तुमाले अठ्ठावन्नचे कसा म्हनू?"

"मी म्हनतो ना."

"तुमी म्हनून नाई चालत. एका गटात खोटं बसता म्हनता, अन् खऱ्या गटात मी बसवू शकत नाई." तो थोडा थांबला. "जायचं नसन तं नाव मागं घ्या. तब्येतीचं कारन लिहा. महादेवराव दुसरे हायेत, ते जातीन."

"तब्येतीले काय झालं माह्या?"

"काकाजी, लिहायसाठी म्हनून राह्यलो."

"एक खोटं काढाले दुसरं लिहू?" प्रेमदास उठला. रागावला नव्हता. पोरगं त्याच्या जागी बरोबर होतं, हेच अवघड होतं.

तिथून तो आंजीला गेला. महादेवराव अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होते. प्रेमदासनं सायकल भिंतीला टेकवली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कोल्हापूरला तुम्ही जा, असंही सांगितलं.

महादेवरावांनी हातातली काठी खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि प्रेमदासला कळलं की ते हसतायत.

"तुहा हात कानाले लागला म्हनून सहाचा झाला," ते म्हणाले. "माहा तं खांद्याले लागत होता. बापानं ढोरामागं ठेवलं नऊ वर्षांचा होईस्तवर. मंग मास्तर घरी आला, बोलून बोलून शाळेत घेऊन गेला. पहिलीत बसवाचं तं सहाच लिहा लागते म्हने. एक जुलै."

"म्हंजे तुमी..."

"सत्तरी गाठली, बावा. तीन वर्षं मी कमी, दोन वर्षं तू जास्त. अन् लोकं समजते दोघं एका गटाचे."

प्रेमदासला हसू येईना. सत्तरीच्या माणसाला चढावर मागं टाकून आपण हात वर केले होते.

"म्हनून म्हनतो, तुमी जा," तो म्हणाला.

"नाई." महादेवरावांचं हसणं थांबलं. "तू सोडलं म्हनून मी गेलो, असं नाई चालत. चार साल मी आपल्या पायानं पहिला आलो. भीक घेऊन जर्सी घालू का?"

घरातून चहा आला, पिऊन झाला. प्रेमदास समोरच्या रस्त्याकडे बघत होता. रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब गेले होते, सारख्या अंतरावर, एकामागं एक. त्यातल्या कितींवर तो चढला होता कुणास ठाऊक.

"भाऊ," तो म्हणाला, "एका वर्षाले एक पोल."

"काय?"

"तुमचे तीन, माहे दोन. पाच पोल पुढून निंगा. मी मांगून, बसथांब्यापासून. पेट्रोल पंपापावतर जाचं अन् वापस. मी जितलो तं मी जातो कोल्हापूरले, खरं वय काई असो. तुमी जितले तं तुमी जा, अन् मी तब्येत लिहून देतो."

महादेवरावांनी डोळे बारीक करून खांब मोजले. "ढील नाई देजो."

"नाई देत."

"तुह्या मायची आन घे."

प्रेमदासनं आईची शपथ घेतली.

रविवारी सकाळी आंजीच्या बसथांब्यावर पाच-सहा माणसं जमली, तीही वर्ध्याची गाडी धरायला आलेली. महादेवराव पाचव्या खांबापाशी सायकल धरून उभे होते, टोपी कानापर्यंत ओढलेली. कुणीतरी रुमाल हलवला.

प्रेमदासनं पहिल्याच रपाट्यात अंग झोकून दिलं. जाताना दोघांमधलं अर्धं अंतर कापलं. पंपाला वळसा घालताना दोघांमध्ये दोनच खांब उरले होते. परतीला वारा समोरून आला. प्रेमदास हँडलवर पसरला, लांब हातांनी सायकल कवटाळली आणि मान खाली घालून पेडल मारत राहिला. वर बघितलं की महादेवरावांची पाठ दिसायची. दर वेळी थोडी मोठी, पण पाठच. आंजीच्या पहिल्या घरापाशी त्याची पोटरी आखडली. त्यानं शिवी हासडली, दुखत्या पायानंच ढकलत राहिला. एका खांबाचं अंतर राहिलं. ते काही तुटलं नाही.

थांब्यावर महादेवराव सायकलवरच वाकून धापा टाकत होते. प्रेमदास पोचला तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, घाम, लाळ, थरथरणारे ओठ. मग मान हलवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. ढिलाईचा विषय त्यांनी काढला नाही.

अन्नपूर्णानं मात्र काढला. दुपारी चहाचा कप पुढं ठेवत ती म्हणाली, "खरं सांगा. मुद्दाम सोडलं ना?"

प्रेमदासनं कप उचलला. त्याचे ते लांब हात अजून इतके कापत होते की अर्धा चहा लुंगीवर सांडला. अन्नपूर्णानं एकदा हातांकडे बघितलं, कप काढून घेतला, चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्या तोंडाला लावली.

"प्या," ती म्हणाली. "पंचाइत नाई करत."

संध्याकाळी त्यानं रत्नदीपला कागद लिहून दिला. कारणाच्या जागी लिहिलं, पोटरी आखडली. तेवढं तर खरंच होतं.

फेब्रुवारीत कोल्हापूरहून महादेवरावांचा फोन आला. मागं लाऊडस्पीकरचा गोंगाट होता. जाताना त्यांना आल्याचा काढा अन्नपूर्णानंच भरून दिला होता, त्याच तपकिरी बाटलीत.

"खालून पाचवा आलो," महादेवराव ओरडून सांगत होते. "पन मागं चार होते नं. अन् तुले सांगतो, इथं यादी वाचली तं अर्धे आपल्यासारखेच निंगाले, एक जुलैवाले. मी साऱ्यायचे हात पाहत होतो."

प्रेमदास एवढा हसला की ओट्यावरून सीताबाईनं विचारलं, काय झालं रे.

"आता पुढच्या साली?" महादेवरावांनी विचारलं. "माह्या गटात येजो. कागद हाये तुह्यापाशी."

"पुढच्या साली पोट्ट्यायसोबत खुल्या गटात पयतो. तिथं वय नाई इचारत कोनी. तुमच्या गटात खरी साठ भरल्यावर, सत्तावीसच्या सप्टेंबरानंतर."

"अबे, तवापावतर हा गुडघा राह्यते का नाई, कोन सांगते."

"राह्यते भाऊ," प्रेमदास म्हणाला. "नाई राह्यला तं पोल वाढवून देतो."