नळी तुंबली नव्हती

सकाळी धुकं असं दाटलं होतं, की प्रयोगशाळेचं फाटक मामांनी डोळ्यांनी नाही, पायांच्या सवयीनं गाठलं. आत शिरताच त्यांनी थर्मामीटर पाहिला, हीटर थोडा वाढवला आणि मगच स्वतःचा मफलर सोडला. आधी उंदीर, मग आपण, हा अठ्ठावीस वर्षांचा शिरस्ता. सगळी इमारत त्यांना उंदीरमामा म्हणायची. बायको म्हणायची, "माझी सवत पांढरी आहे आणि तिला शेपूट आहे."

पिंजरे साठ. डावीकडचे तीस उंदीर साधं खाणं खात. उजवीकडच्या तिसांच्या खाण्यात एक गोड पावडर मिसळलेली असे. चहात साखरेऐवजी घालायला ती एक कंपनी बाजारात आणणार होती, आणि तपासणीचा खर्चही तीच करत होती. "म्हणजे जावई कसा आहे, ते त्याच्याच आईला विचारायचं!" बायको म्हणाली होती. मामांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

पण सातव्या महिन्यात उजवीकडचे अकरा उंदीर एकामागून एक गेले. आधी खाणं सुटलं, मग पोटं फुगली. डावीकडचे सगळे गुबगुबीत.

दहाच्या सुमाराला मोठे साहेब खाली आले, हातात चहाचे दोन कप घेऊन. साहेब स्वतः चहा आणतात म्हणजे सही हवी असणार, हे मामांनी ओळखलं. कागदावर टाइप केलं होतं : पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या तुंबल्यामुळे अकरा उंदीर तहानेनं मेले. खाली मामांचं नाव.

"नुसती नजरचूक हो, मामा. कुणी फासावर देत नाही. उलट निवृत्तीनंतर दोन वर्षं मुदतवाढ. चूक आपली ठरली, की ते अकरा उंदीर निकालातून वगळता येतात. पावडर पास, सगळे खूश."

"उंदीर सोडून."

"उंदीरच आहेत ते!"

"हो, पण चहा पिणारी माणसं आहेत."

खरं सांगायचं तर मामांना आधी माणसांचा कळवळा आलाच नव्हता. मुदतवाढीचा मोह पडला होता. घरी बसून करायचं काय? पण 'नळ्या तुंबल्या' हे शब्द त्यांना घशात काटा अडकावा तसे अडकले. रोज सकाळी प्रत्येक नळी तळहातावर टेकवून, थेंब पडलेला बघून मगच ते बाटली लावत.

"साहेब, नळ्या साठ, धुणारा हात एक. धुतल्या की सगळ्या बाटल्या एकाच टोपलीत. कुठली कुठल्या पिंजऱ्यावर जाते, ते मलाही ठाऊक नसतं. मग तुंबलेल्या नेमक्या उजवीकडेच कशा गेल्या? नळीला पावडरीचा वास येतो?"

साहेबांना हसू फुटलं, नको असताना. "हे तुम्ही मला शिकवता?"

"तुम्हीच शिकवलंत. नवीन होतात तेव्हा, केसही होते."

साहेबांनी टकलावरून हात फिरवला. मामांनी पेन काढलं, छापील मजकुरावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं : 'नळ्या रोज तपासल्या. एकही तुंबली नव्हती. मेलेले अकराही पावडर खाणारे.' खाली पूर्ण नावाची सही. मग पानांवर आकडे छापलेल्या बांधीव नोंदवहीत, ज्यातलं पान फाडलं तर लगेच कळतं, तेच सावकाश उतरवलं. साहेब बघत उभे.

"मी वर काय सांगू आता?"

"सांगा, म्हातारा हट्टी आहे."

"मुदतवाढ गेली, मामा."

"जाऊ दे. घरातली मोरी कधीची तुंबलीय, ती तरी काढून होईल. तिथं सही करतो, हवी तर."

साहेबांनी कागदाची घडी केली. फाडली नाही, खिशात ठेवली. वर जाऊन तिचं काय करणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मामांना काही वाचता आलं नाही. वही तेवढी मामांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग ताज्या भुशाचं पोतं ओढत आणलं आणि उजवीकडच्या पहिल्या, एकतिसाव्या पिंजऱ्याचं दार उघडलं. "सरक रे जाड्या," म्हणत ते ओला भुसा काढायला लागले.