आप्पांच्या पोटावरचं भोक

आमच्या नांदेडच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. ते माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या ऑपरेशनमुळं आलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते.

आप्पांच्या स्वादुपिंडाशी पाण्यानं भरलेली मोठी गाठ झाली होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी ती उघडून पोटातून रबराची नळी बाहेर काढली. पुढं नळी निघाली, पण भोक राहिलं. त्यातून नितळ पाणी झिरपे. डॉक्टरांनी दिलेला इंग्रजी कागद घरात मलाच वाचता येत होता. त्यात लिहिलं होतं की हे पाणी अन्न पचवणारं आहे, ते कातडीही पचवील. म्हणून भोकाभोवती अंड्याचा पांढरा बलक जाड लावत राहावा. पाणी बलक खाईल, कातडी वाचेल.

"अंडं ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई," असं आत्या म्हणाली. ती विधवा, सोवळ्यातली. घर तीच चालवायची. शेवटी आप्पांची खाट बाहेर ओसरीवर नेली. शेजारच्या मुसलमान घरातली खाला भिंतीवरून अंडी द्यायची आणि आमच्या कोंबड्याही आता बामणाच्या चाकरीला लागल्या म्हणून हसायची. बलक लावायचं काम माझं. नंतर अंघोळ केल्याशिवाय मला आत प्रवेश नव्हता.

बलक लावला की मी बघत बसायची. घट्ट पांढरा थर हळूहळू पातळ होई, तासाभरात त्याचं पाणी होई. आप्पा झोपलेले असत आणि पोटावर ते भोक जेवत असे. पुढंपुढं मला वाटायला लागलं, त्याला माझी चाहूल कळते. मी वाटी घेऊन आले की भोकाच्या काठाशी एक थेंब येऊन थांबलेला असायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी बलक जसाच्या तसा होता, वाळून कागदासारखा झालेला. भोक कोरडं होतं. आत्यानं देवापुढं साखर ठेवली, गल्लीत वाटली, खालाला उद्यापासून अंडी नकोत म्हणून कळवलं. मला कागदाची शेवटची ओळ आठवत होती: पाणी अचानक थांबून ताप आला, तर ताबडतोब घेऊन या. पण ताप नव्हता आणि इतक्या आनंदात बोलायचं मला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचे दात वाजू लागले. अंग तापलं होतं. डावीकडं, बरगडीखाली, पोट वर आलं होतं. मी कागद वाचून दाखवला.

"जखम मिटली की अशी अंगात कसर येतीच," आत्या म्हणाली. "तुझं बाई सगळं कागदातच असतंय."

मी आयुष्यात पहिल्यांदा तिला उलटून बोलले.

"आत्या, ते जेवायचं थांबलं नाही. आता ते आत जेवायला बसलंय."

ती सोवळ्यासकट ओसरीवर आली, आप्पांच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच मागं घेतला. तिनं टांगा बोलवायला सांगितलं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो.

हैदराबादला डॉक्टरांनी भोक पुन्हा उघडलं. गढूळ, पुवाळलेलं पाणी किती तरी वेळ भांड्यात पडत राहिलं. आत्या आणि मी दाराशी उभ्या होतो. आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर मला इंग्रजीतून म्हणाले. मी ते आत्याला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा ताप उतरला. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "भूक लागली."

आत्या रडायला लागली. मी मात्र दोन पावलं मागं सरले.