दसूकीची दुपारची गोळी

रमजानच्या महिन्यात दसूकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुनाफा, म्हणजे मिठाईसाठीच्या बारीक शेवया, करायचा. भट्टीवर तांब्याची मोठी गोल परात तापलेली आणि हातात बुडाला भोकं पाडलेला डबा. तो हात असा फिरवायचा, की पिठाच्या धारा केसांसारख्या बारीक पडत. त्या लाल व्हायच्या आत तो उचलून घ्यायचा. उपाशीपोटी दिवसभर आगीसमोर उभा राहणारा माणूस, म्हणून याच्या हाताला पुण्य आहे असं बायका म्हणत. दसूकीने ते फार मनावर घेतलं होतं.

आमची सगळी पिढी कालव्यात डुंबून वाढलेली. कालव्यातला किडा कातडीतून आत शिरतो आणि पुढे कितीतरी वर्षांनी यकृत दगडासारखं करून टाकतो. दसूकीचं तेच झालं. एकदा काळीकुट्ट शौचाला झाली, तेव्हा त्याची बायको नबविया त्याला मनसूरा शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. मीही शेजारी म्हणून सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "काका, मोठ्या कालव्याचं दार गाळाने बुजलं की पाणी काय करतं?"

"बारक्या पाटांत घुसतं."

"आणि पाटांचे बांध?"

"फुटतात. दुसरं काय होणार?"

"तुमचं यकृत म्हणजे ते बुजलेलं दार, आणि अन्ननलिकेतल्या शिरा म्हणजे ते पाट. ही गोळी मागून येणाऱ्या पाण्याचा जोर कमी करते. सकाळ, दुपार, रात्र घ्यायची. मनाने बंद करायची नाही."

"रमजानात?"

"रमजानातही. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

मशिदीतल्या शेखनेही तेच सांगितलं. तरी पहिल्या रोज्याच्या दुपारी दसूकीने गिऱ्हाइकांकडे पाठ केली आणि गोळी घाईघाईने घोटभर पाण्याबरोबर गिळली. गाढवगाडीवाला शलबी रांगेत होता. तो म्हणाला, "काय काका, पीठ आळणी झालंय का बघत होतात?" लोक हसले. दसूकीही हसला. शलबीच्या मनात काही वाईट नव्हतं, पण दसूकीचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिन्ही गोळ्या रोजा सोडताना एकदम घ्यायला सुरुवात केली. रात्रीच्या नमाजात त्याला भोवळ आली आणि तो रांगेतच खाली बसला. जास्त जेवला असेल, म्हणून लोक गालात हसले. त्यानंतर त्याने गोळ्या सोडूनच दिल्या. नबविया रोज खिशात घालून द्यायची आणि तो त्या भट्टीत टाकायचा.

बांध फुटला तो ऐन गर्दीच्या वेळी, सूर्य कलताना. तो वाकला आणि परातीवरच्या पांढऱ्या धारांवर रक्त ओकला. पडता पडताही म्हणत होता, "माफ करा, आज दुसरीकडून घ्या."

इस्पितळात सलाईनमधून औषध सुरू केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे यकृताकडे रक्त कमी जातं. पण पोटात कळा येतील, आणि कदाचित कपड्यांत होईल." तसंच झालं. रक्त थांबलं, पण दसूकी पांढराफटक पडला, पोट आवळून आलं आणि अंथरूण खराब झालं. सून पायाशी उभी होती.

"ही सुई काढा," तो म्हणाला.

"आत्ता काढली तर पुन्हा फुटेल, काका."

"फुटू दे. सुनेसमोर ही शोभा झाल्यावर आता जगून काय करू?" आणि तो स्वतःच सुईला हात घालायला लागला.

नबवियाने सुनेला बाहेर पाठवलं आणि त्याचं मनगट धरलं. "तुझी पोरं मी धुतली. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिलाही धुतलं. तू कोण सुलतान लागून गेलास? आणि मेल्यावर तुला कोण धुणार? शेखच ना? त्याचे हात किती गार असतात, ठाऊक आहे का तुला?"

दसूकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण हात सैल सोडला. ती त्याला पुसत राहिली आणि सलाईन थेंब थेंब जात राहिलं.

पुढच्या रमजानात तो पुन्हा परातीपाशी उभा राहिला. सगळ्या गावाला सगळं कळलेलं होतं. पहिल्या दुपारी नबविया पाण्याचा पेला घेऊन थेट दुकानावर आली. आणि कोणी काही न सांगता रांगेतल्या माणसांनी दसूकीकडे पाठ केली. शलबी तर गाढवाचं खोगीर उगाच सोडून पुन्हा आवळायला लागला. मीही रस्त्याकडे बघत राहिलो.

"अरे, असे उभे राहू नका," मागून दसूकीचा आवाज आला. "त्यापेक्षा हसा तरी."

कोणीच वळलं नाही. पेला ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही हळूहळू तोंडं फिरवली. तो मान खाली घालून उभा होता, आणि परातीवरचा कुनाफा करपून तांबडा झाला होता. तो त्याने कागदात बांधायला घेतला, मग थांबला.

"हा जळलाय," तो पुटपुटला.

"चालेल," मी म्हणालो, आणि तो घेऊन घरी आलो.