पक्षाने दिलेला फोन

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलेलं असेल. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या भावकीतले एक भाऊजी तालुक्यात पक्षाचं काम बघतात. माझी लेक अलिबागला कॉलेजात जात होती, तेव्हा त्यांनी तिला नवा फोन आणून दिला. गावातल्या तरुण पोरांचा ग्रुप करायचा आणि त्यावर पक्षाचे व्हिडिओ टाकायचे. व्हिडिओ सगळे साहेबांच्या वाढदिवसाचे, हारतुऱ्यांचे. पोरं उघडूनही बघत नसत. मग लेकीनं आपल्याच मनानं विचारलं, "तुम्हाला पक्षाकडून काय पाहिजे?"

फोन वाजायचा थांबेना. बहुतेकांचं एकच होतं, नाक्यापासून गावापर्यंत रस्त्याला दिवे कधी लागणार? संध्याकाळी मुली त्याच अंधारातून जीव मुठीत धरून येत. माझीही.

आधी भाऊजी खूश. "वहिनी, एवढी पोरं आमच्या सभेला कधी आली न्हाईत!" पुढच्या आठवड्यात मात्र चप्पल न काढताच ओटीवर आले.

"ते दिव्यांचं काढून टाक."

"काका, विचारलं आपणच ना?"

"विचारायचं असतं गं. उत्तरं ठेवायची नसतात. आणि फोन कुणाचा हाय, ते इसरू नको."

लेकीचा अंगठा काचेवर तसाच थांबला. मी दाराआड उभी होते. तिनं पुसलं असतं तर पोरांनी पुन्हा तिला काही सांगितलं नसतं. नाही पुसलं तर फोन जाणार होता. पुरुषमाणसांत मी कधी बोललेली नाही. तरी उंबऱ्यापर्यंत आले.

"भाऊजी, फोन कितीचा?"

ते हसले. "तुम्हाला झेपायचा न्हाय, वहिनी."

"सांगा तर."

त्यांनी आकडा सांगितला. मी म्हणाले, "थोडे थोडे देईन. फोन आता आमचा."

"आणि पक्षाचं काय?"

लेक म्हणाली, "ग्रुपवर या ना, काका. दिव्यांचं तुम्हीच सांगा पोरांना."

ते उठून गेले. मी नाक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायची आणि जमेल तसे पैसे त्यांच्या घरी नेऊन द्यायची. दर वेळी वाटायचं, आज फोन मागून घेतील. मग एकदा त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं, "दिव्यांचा अर्ज दिला आहे. उत्तर आलं की कळवतो." पोरांनी लगेच विचारलं, कधी दिला, कुणाला दिला. त्यांनी तेही सांगितलं.

दिवे अजून लागलेले नाहीत. प्रश्न ग्रुपवर तसाच आहे. काल मी उरलेले पैसे घेऊन त्यांच्याकडे गेले. भाऊजींनी दोनदा मोजले आणि म्हणाले, "फिटले, वहिनी."